दहा सेंटीमीटरच्या आत: एका वास्तुरचना फर्मच्या नव्या ओळखीच्या नोंदी

९ जून २०२५

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका वास्तुरचना फर्मच्या कार्यालयात पहिली बैठक. तिची दृश्य ओळख (नाव, अक्षरं, रंग, पाटी) नव्याने करायचं काम आमच्या डिझाइन स्टुडिओकडे आलंय. करारात गोपनीयतेचं कलम आहे, त्यामुळे फर्मचं नाव या नोंदींत येणार नाही. मोठ्या सरांचं आडनाव आणि पुढे 'अँड असोसिएट्स', एवढं समजलं तरी पुरे. फर्म चाळीसेक वर्षं जुनी. साखर कारखान्याच्या कामगार वसाहती, शाळा, पतसंस्थांच्या इमारती, बंगले. गेल्या काही वर्षांत नगररचनेचं काम वाढत गेलं, ते मॅडम, म्हणजे फर्मच्या नगररचनाकार, आल्यापासून. नगरपंचायतींसाठी जमीन वापराचे नकाशे, मोठ्या जागांची रेखांकनं. आता मॅडम भागीदार होतायत आणि त्या निमित्ताने सगळं नवं करायचं ठरलंय.

मागणी नेहमीचीच: "एक चांगला लोगो करून द्या." मी उलट मागणी ठेवली. गेल्या महिनाभरात या कार्यालयातून जो जो कागद आणि जी जी फाइल बाहेर गेली, ती सगळी बघायला द्या. सर म्हणाले, "त्यात बघण्यासारखं काही नाही, सगळे नकाशेच आहेत."

तेच तर बघायचंय.

१२ जून

दोन टेबलं जोडून सगळं पसरलं. लेटरहेडवरची पत्रं मोजकीच, व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा जवळपास अख्खा शिल्लक. बाकी ए-१ आकाराचे नकाशे, त्यांच्या ए-३ वर काढलेल्या छोट्या प्रती, पीडीएफ, आणि नगरपंचायतीच्या भिंतीवर लागणारे मोठे रंगीत नकाशे. फर्मला ओळखणारे लोक तिला नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात भेटतात: गवंडी, सेंट्रिंगवाला, पालिकेतला कनिष्ठ अभियंता, बँकेचा मूल्यांकनकार. यातल्या एकानेही फर्मची वेबसाइट उघडलेली नसणार.

तो कोपरा, म्हणजे टायटल ब्लॉक, प्रत्येक ड्राफ्ट्समनचा वेगळा. कुठे आडनाव इंग्रजीत, कुठे मराठीत. काही मराठी मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फाँटात, तोही दुसऱ्या संगणकावर उघडला की निव्वळ चिन्हांचा कचरा. उत्तर दिशेचा बाण तर ज्याला जो आवडला तो.

प्रस्तावातला क्रम बदलला. आधी नकाशाचा कागद, मग शिक्का, मग पाटी. कार्ड आणि वेबसाइट शेवटी. धाकट्याला (आमच्या स्टुडिओत आम्ही दोघंच) हे फारसं आवडलं नाही, त्याने वेबसाइटपासून सुरुवात धरली होती.

१६ जून

आज चित्र एकही नाही, फक्त कायदा वाचला. तो अगोदर वाचणं का भाग आहे ते या धंद्यात नव्याने येणाऱ्या डिझायनरला माहीत नसतं, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

वास्तुविशारद अधिनियम १९७२ चा. त्याखाली १९८९ मध्ये व्यावसायिक वर्तणुकीचे विनियम झाले. वास्तुविशारदाने आपल्या सेवेची जाहिरात करायची नाही, हा मूळ नियम, आणि मग अपवाद. पत्ता बदलला तर तशी सूचना तीन वेळा छापता येते. कामाची माहिती आणि चित्रं वर्तमानपत्रात किंवा इतर माध्यमांत आली तर चालतात, पण त्यासाठी पैसे द्यायचे नाहीत आणि घ्यायचेही नाहीत. कार्यालयाबाहेर आणि आपण केलेल्या इमारतीवर नाव लावता येतं, मात्र अक्षरांची उंची १० सेंटीमीटरपेक्षा जास्त नको.

दहा सेंटीमीटर! पाटीचा अर्धा निर्णय इथेच झाला. पैसे देऊन इन्स्टाग्रामवर पोस्ट जास्त लोकांपर्यंत पोचवायची धाकट्याची योजनाही इथेच संपली.

दुसरा कायदा राज्याचा. दुकाने व आस्थापना अधिनियमाच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनांनाही पाटी मराठीत, देवनागरी लिपीत लावावी लागते. मराठी आधी यायला हवी आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत. म्हणजे मराठीला वरून दहा सेंटीमीटरचं छत आणि इंग्रजीला मराठीचं.

तिसरी गोष्ट खरी नाजूक. 'आर्किटेक्ट' ही पदवी नावापुढे लावायचा अधिकार नोंदणीकृत वास्तुविशारदालाच असतो. फर्मच्या नावात ती हवी असेल तर सगळे भागीदार नोंदणीकृत लागतात. मॅडम नगररचनाकार. मूळ शिक्षण भूगोलाचं, मग नगररचनेतली पदव्युत्तर पदवी. नगररचनाकारांची संस्था १९५१ पासून आहे, पण वास्तुविशारदांच्या परिषदेसारखी कायद्याने नेमलेली परिषद नगररचनाकारांना नाही. तेव्हा ज्या दिवशी मॅडम भागीदार होतील, त्या दिवसापासून फर्मच्या नावात 'आर्किटेक्ट्स' लिहिता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय की वास्तुविशारद अधिनियमाच्या ३७ व्या कलमाचा प्रतिबंध पदवीच्या वापरावर आहे, काम करण्यावर नाही. काम चालू राहील, नावातला शब्द जाईल.

हे सरांना मी सांगायचं की त्यांच्या वकिलांनी?

१८ जून

वकिलांनी सांगितलं. सर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "माझी पदवी माझ्या सहीखाली राहील ना?" राहील. मंजुरीच्या नकाशांवर त्यांचं नाव, नोंदणी क्रमांक आणि सही पूर्वीसारखीच. वरच्या नावातून 'आर्किटेक्ट्स' आणि 'अँड असोसिएट्स' दोन्ही काढायचं ठरलं.

२३ जून

नावाची बैठक. धाकट्याने यादी केली होती: वास्तु, शिल्प, रचना, सृष्टी, निर्मिती, आणि यांच्या जोड्या. यातलं प्रत्येक नाव कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यात कुणीतरी आधीच घेतलेलं. बिल्डर, फर्निचरवाले, एक फ्लेक्सवालासुद्धा. मॅडमचं मत सगळ्यात व्यवहारी निघालं: "आडनाव ठेवा. तालुक्याच्या ऑफिसात लोक त्याच नावानं फाइल शोधतात." स्वतःचं आडनाव जोडायला त्यांनी नकार दिला. का, ते विचारलं नाही.

ठरलं: नुसतं आडनाव आणि खाली लहान अक्षरांत 'वास्तुरचना, नगररचना'. आडनावात एक वेलांटी आहे आणि एक उकार. ही बाब पुढे पाटीवर महाग पडणार आहे.

१ जुलै

रंग. आजच्याइतकी गंमत या प्रकल्पात आधी आली नव्हती.

मी पिवळा घेऊन गेले होते. हळदीचा, गडद. काळ्या अक्षरांसोबत तो उठून दिसतो, छपाईत सोपा, शिवाय या भागात परका वाटत नाही. पडद्यावर लावला आणि सरांच्या टेबलावरचे दोन तरुण वास्तुविशारद हसायला लागले. परवानगीच्या नकाशात पिवळ्या तिरक्या रेघा म्हणजे पाडकाम. जे बांधकाम उतरवायचंय, ते पिवळं. प्रस्तावित काम लाल. एक जण म्हणाला, "आपल्या नावावरच डिमॉलिशन!"

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "पिवळा म्हणजे निवासी." त्यांच्या जमीन वापर नकाशात घरं पिवळी, वाणिज्य निळं, उद्योग जांभळा, सार्वजनिक आणि निमसार्वजनिक लाल, मोकळ्या जागा आणि उद्यानं हिरवी, वाहतूक करडी. एकाच कार्यालयात, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना एकच पिवळा. इकडे घर पाडायचं, तिकडे घर राहायचं. लालचंही तेच: सरांच्या खोलीत लाल म्हणजे उद्या बांधायचं, मॅडमच्या खोलीत शाळा, दवाखाना, कचेरी.

मग कुणीतरी निळा सुचवला, निळ्या रेघांच्या जुन्या अमोनिया प्रिंटच्या आठवणीने. मॅडमनी नुसती मान हलवली: सगळी फर्म वाणिज्य झोनमध्ये जाईल. जोतिबाच्या गुलालाचा गुलाबीही येऊन गेला. सरांचा शेरा: "आपण यात्रा काढत नाही."

तासाभराने जे उरलं ते काळं. सगळे रंग आधीच कामाला लावलेले आहेत, प्रत्येकाला नेमून दिलेला अर्थ आहे, आणि नकाशा वाचणाऱ्याचा त्यावर विश्वास आहे. आपण त्यातला एक उचलून शोभेसाठी वापरला, तर सहा फुटांच्या नकाशावर कोपऱ्यातलं आपलं नाव हासुद्धा एक झोन वाटेल. ओळखीचा रंग काळा, एवढाच. राखाडीही नाही.

पिवळ्याचं मला वाईट वाटलं. सुंदर होता.

८ जुलै

चिन्हाचे कच्चे आराखडे. शिरोरेखेचं छप्पर करणं हे देवनागरीत काम करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या तासाभरात सुचतं, वास्तुविशारदाचं काम असेल तर पाच मिनिटांत. आम्हालाही सुचलं. शिरोरेखा म्हणजे स्लॅब, काना म्हणजे खांब, उकार म्हणजे पाया. काढून पाहिलं, भिंतीला लावलं, दुपारी उतरवलं. गावातल्या निम्म्या बिल्डरांकडे असलं काहीतरी असतंच. आणि मॅडमचं काम यात कुठे बसतं? नगररचनेला छप्पर नसतं.

चिन्ह नकोच, नुसतं नाव, या बाजूला माझा कल झुकतोय. पण नुसतं नाव म्हटलं की अक्षरं स्वतःच्या बळावर उभी राहायला हवीत. मुक्ता आणि पॉपिन्स, दोन्हींत आडनाव लावून पाहिलं. मुक्ता मुंबईच्या एक टाइपचा, वाचायला निर्मळ. पॉपिन्स अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा, गोल आणि भौमितिक. दोन्ही उत्तम, दोन्ही सगळीकडे. लग्नपत्रिका, कोचिंग क्लास, सरकारी फलक. मुक्ता नकाशातल्या मजकुरासाठी ठेवू. नाव मात्र हाताने काढायला लागेल.

१५ जुलै

ड्राफ्टिंगवाले काका. निवृत्त झालेत, पण आठवड्यातून एकदोनदा येऊन बसतात. त्यांनी माळ्यावरच्या पत्र्याच्या नळकांड्यांतून जुने ट्रेसिंग, म्हणजे पारदर्शक कागदावरचे मूळ नकाशे, काढले. कारखान्याच्या वसाहतीचे नकाशे, सगळा मजकूर मराठीत, रोट्रिंगच्या ड्राफ्टिंग पेनने हाती लिहिलेला. 'शयनगृह', 'न्हाणीघर', 'पडवी', 'जोत्याची उंची'.

मी बराच वेळ भिंगातून बघत बसले. पेनाच्या टोकाला नळी असते, त्यामुळे रेघेची जाडी सगळीकडे एकसारखी. बोरूने काढलेल्या देवनागरीतला जाड-बारीकपणा यात नाही. अक्षराची उंची पेनाच्या जाडीच्या दहापट, इंग्रजी तांत्रिक अक्षरलेखनात असतं तसं. काका म्हणाले, "कार्यालयात स्टेन्सिल होती ती इंग्रजीची. मराठी सगळी हातानं." आणि पद्धत सांगितली. पेन्सिलने चार रेघा आखायच्या. सगळ्यात वर वेलांटी-मात्रेची, मग शिरोरेखेची, मग अक्षराच्या पायाची, खाली उकाराची. इंग्रजी मोठ्या अक्षरांना दोन रेघांत भागतं. मग टी-स्क्वेअर लावून शब्दाची शिरोरेखा एका दमात ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं.

आधी रेघ, मग अक्षर. त्याचा परिणाम दिसतो. शब्द कितीही लांब असो, शिरोरेखा कुठे डगमगत नाही. अक्षरं मात्र हाताची आहेत, 'ग' थोडा मोकळा, 'ह' प्रत्येक ठिकाणी जरासा वेगळा. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे, हिंदी छपाईतले नाहीत. 'र'चा पाय सरळ उतरतो, कारण पेन वळवताना ट्रेसिंग फाटतो. हे कारणही काकांनीच सांगितलं. मला ते वळण आवडनिवड वाटलं होतं.

अक्षरं सापडली. सरांना अजून काही दाखवलं नाही.

२२ जुलै

काकांच्या 'शयनगृह'वरून आडनाव बांधतोय. स्कॅन करून रेघ पकडायची नाही, एवढं पहिल्यापासून पक्कं होतं. शाई फुटलेली प्रत्येक जागा स्कॅनमध्ये येते आणि ती खोटी जुनी दिसते. तत्त्व घ्यायचं: एकच जाडी, दहाला एक हे प्रमाण, टोकं गोल, शिरोरेखा अखंड आणि तंतोतंत सरळ, बाकी अक्षरांना थोडी मोकळीक. आडनावात जोडाक्षर नाही हे नशीब. वेलांटीचा कमानदार भाग मात्र पुन्हा पुन्हा काढावा लागतोय. पेनाने काढलेली वेलांटी चपटी असते, वर जागा कमी म्हणून. मोठी केली की तोल जातो.

इंग्रजी जोड: सगळी मोठी अक्षरं, त्याच जाडीत. त्यांची उंची कान्याच्या उंचीएवढी. मात्रा आणि उकार वरखाली जातात म्हणून मराठी आपोआप मोठी दिसते, नियमही पाळला जातो.

२९ जुलै

जाडी ठरवताना नकाशाच्या पेनांची मालिका घेतली: ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७, १.० मिलिमीटर. प्रत्येक पुढची जाडी मागचीच्या साधारण १.४ पट, दोनच्या वर्गमुळाची. कागदाच्या ए मालिकेतही हेच प्रमाण असल्याने ए-१ चा नकाशा ए-२ वर छोटा केला की ०.७ ची रेघ ०.५ होते, मालिकेतच राहते. इथे साइटला ए-१ ची ए-३ प्रत जाते, म्हणजे सगळं निम्मं. टायटल ब्लॉकमधलं आडनाव ०.७ ने काढलं तर ए-३ वर ०.३५ उरतं, झेरॉक्सच्या झेरॉक्समध्येही टिकतं. खालची 'वास्तुरचना, नगररचना' ही ओळ ०.३५ ने, ती ०.१८ वर जाते आणि तिसऱ्या झेरॉक्सला मरते. मरू दे. तिथवर पोचलेल्या माणसाला ती माहीत असते.

सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून जवळून पाहिलं आणि काकांना हाक मारली. मंजूर.

५ ऑगस्ट

गांधीनगरच्या बाजूला चालू असलेल्या एका साइटवर. सुपरवायझर नकाशा कसा वापरतो ते बघायला गेले होते. ए-१ चा कागद घड्या घालून ए-४ एवढा होतो आणि टायटल ब्लॉक वर राहतो, अशीच घडी घालायची पद्धत आहे. घडी मोटरसायकलच्या डिकीत. घडी उघडायच्या आधी त्याला दोनच गोष्टी हव्या असतात: हा कुठल्या मजल्याचा नकाशा आणि ही शेवटची दुरुस्ती, म्हणजे नकाशाची ताजी आवृत्ती, आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आत्ता तीन मिलिमीटरच्या अक्षरात एका तक्त्याच्या तळाशी. जुन्या दुरुस्तीच्या नकाशावरून खिडकीच्या सिलची उंची चुकल्याची गोष्ट त्याने हसत सांगितली, तोडफोड कुणाच्या खर्चाने झाली ते सांगितलं नाही.

परत येऊन टायटल ब्लॉकचा क्रम फिरवला. ए-४ च्या घडीवर सगळ्यात वर दुरुस्तीचा क्रमांक, अंगठ्याएवढा. मग नकाशा क्रमांक आणि मजला. मग प्रकल्प, मालक, प्रमाण, तारीख. 'गुड फॉर कन्स्ट्रक्शन'च्या (यावरून बांधा, अशा) शिक्क्यासाठी मोकळा चौकोन, कारण आत्ता तो मोजमापांवरच मारतात. फर्मचं नाव सगळ्यात खाली. धाकटा म्हणाला, ओळखीच्या कामात आपण ओळखच तळाला टाकली. मी त्याला डिकी उघडून बघायला पाठवणार आहे.

पालिकेला जाणारे मंजुरीचे नकाशे यातून वगळले. तिथे क्षेत्रफळाचा तक्ता, मालकाची सही, वास्तुविशारदाचं नाव, नोंदणी क्रमांक, सगळ्याची जागा नियमावलीने ठरवलेली. तिथे आपली कारागिरी नको.

१२ ऑगस्ट

ऑटोकॅडमध्ये, म्हणजे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मराठी. दिवस गेला. युनिकोडमधला मजकूर एका संगणकावर नीट, दुसऱ्यावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे. आवृत्तीचा फरक. शिवाय फाँटमध्ये मराठी 'ल' दिलेला असला तरी सॉफ्टवेअरला 'ही भाषा मराठी आहे' असं सांगावं लागतं, आणि ऑटोकॅडला ते सांगायची सोय आम्हाला मिळाली नाही. परिणाम: काकांच्या हाताने लिहिलेल्या नावाखाली हिंदी 'ल'ची ओळ. नजरेला खुपतं.

उपाय: खुल्या परवान्याचा फाँट घेऊन त्यात मराठी 'ल' आणि 'श' मूळ जागी बसवायचे. परवाना बदल करू देतो, दोन अटींवर: बदललेला फाँट त्याच परवान्याखाली राहायला हवा, आणि मूळ नाव राखीव असेल तर नव्याला दुसरं नाव द्यायचं. एका ओळखीच्या अक्षरकाराकडे काम दिलं. आडनाव मात्र मजकूर म्हणून नव्हे, ब्लॉक (तयार चित्र) म्हणून जाईल, म्हणजे कुणी त्याचा फाँट बदलू शकणार नाही.

२१ ऑगस्ट

पाटी. लक्ष्मीपुरीतले पाटीवाले सध्या हातघाईवर आले आहेत. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ तारखेपासून सुरू झालंय, वकिलांची नवी कार्यालयं उघडतायत आणि सगळ्यांना पाट्या हव्यात. वकिलांनाही जाहिरातीची बंदी आहे, पण त्यांच्या नियमात पाटीचा आकार 'वाजवी' असावा एवढंच. सेंटीमीटर नाही. सुखी लोक.

आमच्या पाटीवाल्याने माप बघून कागद परत सरकवला. "मॅडम, एवढ्याशा अक्षरात काय दिसतंय? फूटभर तरी घ्या की. दिवे टाकून देतो आतनं." त्याला विनियम सांगितला. त्याला तो पटला नाही. इतकी वर्षं त्याने वास्तुविशारदांच्या फूटभर पाट्या केल्यात, असं त्याचं म्हणणं. असतीलही.

प्रश्न खरा होता मोजायचा कसा. दहा सेंटीमीटर, पण कुठून कुठे? इंग्रजी मोठ्या अक्षराला डोकं आणि पाय स्पष्ट आहेत. देवनागरीत शिरोरेखेपासून पायापर्यंत मोजलं तर अक्षर दहाचं होतं आणि वेलांटी-उकारासह शब्द पंधराच्या पुढे जातो. सर म्हणाले, "वेलांटीचं टोक ते उकाराचं टोक, सगळं मिळून दहाच्या आत. उद्या कुणी पट्टी घेऊन आला तर वाद नको." त्यामुळे कान्याची उंची साडेसहा सेंटीमीटरवर आली. जाडी साडेसहा मिलिमीटर, दहाला एक.

लहान अक्षराला मोठी पाटी देण्यात अर्थ नाही. पाटीच काढून टाकली. प्रवेशाजवळची भिंत काळ्या दगडाची आहे, तिच्यावर लेझरने कापलेली स्टीलची अक्षरं, थेट. अख्खी शिरोरेखा एका पट्टीची असल्याने शब्द सलग निघतो, अक्षर न् अक्षर वेगळं बसवायला लागत नाही. पाटीवाल्याला पहिल्यांदा काहीतरी आवडलं: "हे बरंय, एकच पीस."

३ सप्टेंबर

रबरी शिक्का. पहिला नमुना शाईने भरला: 'ग'चं पोट, वेलांटीची कमान. शिक्क्यापुरती अंतरं वाढवून घेतली आणि जाडी एक पायरी कमी केली. पेनाच्या मालिकेत होतो म्हणून पायरी कुठली ते शोधावं लागलं नाही.

११ सप्टेंबर

नगरपंचायतीच्या नकाशाचा साचा. विकास योजनेचं प्रारूप प्रसिद्ध झालं की लोकांना हरकती आणि सूचनांसाठी ३० दिवस असतात. त्या दिवसांत कचेरीच्या भिंतीसमोर गर्दी होते आणि प्रत्येकाचं बोट आपला गट नंबर शोधत फिरतं. मॅडमनी एका भिंतीवरच्या जुन्या नकाशाचा फोटो आणला होता. कोपऱ्यातल्या रंगांच्या सूचीचे रंग फिके पडलेले, आणि जिथे बोटं जास्त फिरली तिथे कागद मळून गट नंबरच गेलेले.

या साच्यात फर्मला दोन ओळींची जागा ठेवली. बाकी सगळा जोर सूचीवर: रंगाचा चौकोन मोठा, शेजारी मराठी नाव आणि त्यावर तिरक्या रेघांचा किंवा ठिपक्यांचा पोतही. नकाशाची काळीपांढरी झेरॉक्स काढून वकिलाकडे नेणारे लोक असतात, त्यांना पोतावरूनच झोन कळतो. गट नंबर एक पायरी जाड. सूची उजवीकडे खाली न ठेवता डोळ्यांच्या उंचीला, कारण भिंतीवर टांगलेल्या नकाशाचा तळ गुडघ्याला येतो.

हे पान मला सगळ्या प्रकल्पात सगळ्यात आवडलं. फर्मचं नाव त्यात शोधावं लागतं. मॅडमनी तेही आणखी लहान करायला सांगितलं, नकाशा नगरपंचायतीचा आहे म्हणून.

१९ सप्टेंबर

वेबसाइट, कार्ड, ईमेलची सही. दोन दिवसांत उरकलं. कार्डावर कान्याची उंची ७ मिलिमीटर, जाडी ०.७. ट्रेसिंगवर होती तीच, मूळ आकारात. व्हॉट्सअॅपच्या गोल चौकटीत लांब नाव बसत नाही, तिथे नुसतं पहिलं अक्षर आणि शिरोरेखेचा तुकडा. धाकट्याचं काम, चांगलं झालंय.

२ ऑक्टोबर

दसरा. सकाळी अक्षरं बसली. दगडाला भोकं पाडताना एक कोपरा उडाला, पाटीवाल्याने दगडाची भुकटी आणि रेझिन भरून तो बेमालूम केला. काकांनी पट्टी आणून वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या टोकापर्यंत मोजलं: ९.८. मॅडमच्या भागीदारीचे कागद गेल्या आठवड्यात झाले. पेढे होते.

८ ऑक्टोबर

सगळ्या फाइली हस्तांतरित. नकाशाचे साचे, पेनांच्या जाडीची सेटिंग फाइल, फाँट, शिक्क्याची वेगळी आवृत्ती, सूचीचा साचा, आणि चार पानांची मार्गदर्शिका. पन्नास पानांची करून बिल फुगवता आलं असतं, पण ड्राफ्टिंग टेबलाच्या काचेखाली चारच पानं बसतात.

१७ ऑक्टोबर

गांधीनगरच्या साइटवरून फोटो आला. कंत्राटदाराने कुंपणाच्या पत्र्यावर फर्मचं नाव स्वतःच लावलंय. पीडीएफ मिळवून फ्लेक्सवाल्याला दिली असणार. नाव रुंदीत ताणलेलं, पिवळं, मागे निळा उतरता रंग, खाली लाल अक्षरांत 'आर्किटेक्ट्स', आणि उंची किमान दीड फूट. एकाच फ्लेक्सवर सगळे नियम मोडले.

सरांनी फोन करून तो उतरवायला लावला. संध्याकाळी आमच्यात ठरलं की साइटला आता फाइल पाठवायची नाही. दोन मिलिमीटरच्या पत्र्यात नाव कापून, काळं करून, भोकांसह तयार पाटीच प्रत्येक नव्या साइटच्या पहिल्या नकाशासोबत द्यायची. काम संपलं की परत घ्यायची. पाटीवाल्याकडे पाच पाट्यांची ऑर्डर गेली. त्याने विचारलं, पत्रा फुकट जातोय, त्यातच थोडी मोठी करू का?

नको म्हटलं.